चार ठिकाणची माती

आमच्याकडे कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांना बेसन लावून ती एकावर एक रचतात, गुंडाळी करतात, वाफवतात आणि मग वड्या कापतात. कापलेल्या प्रत्येक वडीत तीच हिरवी-पिवळी भोवरी दिसते. मी काय काम करते ते कोणाला समजावून सांगायची वेळ आली की मी ही वडीच पुढे करते. रंगीत मातीच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, दाबायच्या, कधी गुंडाळायच्या, कधी चौकोनी ठोकळा करायचा आणि तारेनं त्याचे काप काढायचे. कापाकापात नक्षी. ती वरून काढलेली नसते, आरपार असते. ताट फुटलं तरी तुकड्याच्या कडेला ती दिसतेच. जपानी लोक याला नेरिकोमी म्हणतात. आमच्या आसगावात याला ‘त्या बाईच्या मातीच्या वड्या’ म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला हेच नाव जास्त आवडतं.

मी कुंभाराघरची नाही. धान पिकवणाऱ्या घरात जन्मले, लग्नही धान पिकवणाऱ्याच घरात झालं. नागपूरला शिकायला होते तेव्हा कॉलेजपेक्षा जास्त वेळ एका मॅडमच्या मातीकामाच्या शेडमध्ये गेला. मॅडम तरुणपणी काही वर्षं जपानात राहून आल्या होत्या. तिथून त्यांनी हे काम आणलं आणि सोबत जपानी शिस्तही आणली. झाडू कुठे टेकवायचा याचीही जागा ठरलेली.

त्यांचा एक कायदा होता. माती एकच घ्यायची, पांढरी. तिचे भाग करायचे आणि प्रत्येक भागात वेगळा रंग मळायचा. म्हणजे वाळताना सगळ्या सारख्या आकसतात आणि भट्टीतही सारख्याच आकसतात. दोन वेगळ्या जागच्या माती शेजारी शेजारी बसवल्या, तर एक जास्त आकसते, दुसरी कमी आणि सांध्यावर तडा जातो. ‘मातीला भांडायला कारण देऊ नकोस,’ असं त्या म्हणायच्या. मी बरीच वर्षं हा कायदा मुकाट्यानं पाळला. स्वभाव माझा तसा मुकाट्यानं पाळणाऱ्यातला नाही, पण मॅडमसमोर कोणाचंच चालत नसे.

आता माझी शेड गोठ्याला लागून आहे. एका बाजूला म्हशी रवंथ करतात, दुसऱ्या बाजूला मी माती मळते. भट्टी विजेची आहे आणि वीज आपल्या मर्जीनं येते-जाते. नवऱ्यानं सुरुवातीला ‘हे कवापर्यंत चालन?’ असं विचारलं होतं. आता पाहुणे आले की तोच त्यांना शेडमध्ये आणतो आणि मला ठोकळा कापून दाखवायला लावतो. पहिला काप निघाला की पाहुण्यांच्या आधी तोच ‘अरे वा’ म्हणतो.

माझं माहेर आता पाण्याखाली आहे. बसमध्ये एका अनोळखी बाईला मी हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं, पूर आला असेल. पूर नाही. धरण झालं, पाणी अडलं, गाव उठलं. लोकांनी दारं, खिडक्या, छपराचे फाटे, कवेलू सगळं उतरवून ट्रॅक्टरवर चढवलं. माझ्या आईनं सगळ्यात शेवटी चूल मोडली. आमच्या घरी रीत अशी की घर कायमचं सोडताना चूल उभी ठेवायची नाही. मागे राहिलेली चूल उपाशी राहते म्हणतात. आईनं लोखंडी सब्बलीनं ती फोडली, ढेकळं टोपल्यात भरली आणि नदीत सोडली. रडली नाही. हात धुतले आणि ट्रॅक्टरवर समोर जाऊन बसली.

ती चूल मी पाहिली तेव्हापासून तशीच होती. म्हणजे मला तसं वाटायचं. खरं तर आई रोज सकाळी आंघोळ झाली की पेटवायच्या आधी ती सारवायची. वाटीत माती कालवायची, ओला हात सगळीकडून फिरवायचा. कालच्या जाळानं पडलेल्या बारीक भेगा बुजायच्या. मग हळदीकुंकू, मग काडी. मी शाळेत जाताना चूल नवी असायची आणि परत यायची तोवर काळी झालेली असायची.

नवीन वस्ती कोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. घराला फरशी आहे, नळ आहे, मागे थोडं अंगण आहे. भाऊ बुटीबोरीला कंपनीत, त्यामुळे आई एकटीच राहते. शेजारच्या बायांनी सामान लावून झाल्याबरोबर मागच्या अंगणात चुली मांडल्या. गॅस सगळ्यांकडे आहे, पण आंघोळीचं पाणी, भाकरी आणि चार पाहुण्यांचा भात चुलीवरच होतो. एकट्या आईनं मांडली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “पाहुण्याच्या घरी जाऊन कोणी चूल मांडते का?”

मला वाटलं, बोलते, मग विसरेल. ती विसरली नाही. मागच्या अंगणात उकरून माती बघितली आणि टाकून दिली. “ही माती नाही, मुरूम होय. याची चूल नाही होत,” म्हणाली. गॅसवर सकाळी एकदा भात टाकायची आणि दोन्ही वेळ तोच खायची, तोही ताट न घेता. गंजातूनच, म्हणजे पातेल्यातूनच, ओट्याजवळ उभी राहून, बस सुटायची असल्यासारखी. त्या वस्तीला तिनं कधी घर म्हटलं नाही, गावही म्हटलं नाही. ‘कालनी’ म्हणायची. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. मला भीती होती ती एवढीच, की माझी आई उरलेलं आयुष्य पाहुणी म्हणून काढेल आणि पाहुणीसारखीच निघून जाईल.

भावानं समजावलं, मी समजावलं, शेजारणीनं तर हात टेकले. मग मी माझ्या पद्धतीनं विचार करायला लागले, आणि माझी पद्धत म्हणजे माती.

गाव उठायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते तेव्हा चार पोती भरून आणली होती. तलावाखालची काळी कन्हार. आमच्याच वावरातली पिवळसर मोरांड. गावामागच्या बरडीवरची लाल. आणि नाल्याच्या दरडीतली पांढरी, जिनं गावातल्या सगळ्या बाया दिवाळीला भिंती पोतायच्या. तेव्हा डोक्यात काही ठरलेलं नव्हतं. लोक दारं नेत होते, मी माती नेली. पुढे पोती शेडच्या कोपऱ्यात पडून राहिली. वाळवीनं पोती खाल्ली, उंदरांनी भोकं पाडली, एका पावसाळ्यात पत्रा गळला. शेवटी प्रत्येकातलं घमेलंभर उरलं. परत जाऊन आणायची सोय नव्हती. तिथे आता डोंगे चालतात.

मी ठरवलं, या चार मातीचं आईला एक ताट करून द्यायचं. ताटात आमच्या वावराच्या बांध्या, म्हणजे धानाचे चौकोनी तुकडे, आणि त्यांच्या मध्ये पांढरे धुरे, म्हणजे बांध. ते समोर आलं तर ती बसून जेवेल. ताट ज्या घरात ठेवेल ते घर तिला आपलं वाटेल. मला तेव्हा हे अगदी सरळ वाटत होतं.

मॅडमचा कायदा मोडायला लागणार होता, हे माहीत होतं. चार जागच्या चार माती, त्यातही कन्हार. उन्हाळ्यात आमच्या बांध्यांना ज्या भेगा पडतात, त्यात लहान पोराचा पाय जातो. ती माती ताटात काय दिवे लावणार हे शेतकऱ्याच्या मुलीला सांगायला जपानची गरज नव्हती. तरी मी म्हटलं, बघू.

आधी चारही मातींचा बोटभर लांबीचा तुकडा करून भाजला. तुकडा टिकला, पण काळी माती काळी राहिलीच नाही, विटेसारखी लाल होऊन बाहेर आली. फोनवर आईला फोटो पाठवला. तिनं लगेच फोन केला, “काळी कोठी गेली?”

“भट्टीत रंग जाते वो तिचा.”

“मंग हे आपलं वावर नाही. सगळंच बरडी दिसून राहिलं.”

बरोबर बोलली. मग मी तुमसरकडच्या खाणीतल्या मँगनीजची बारीक पूड आणली, तोंडाला फडकं बांधून ती कन्हारीत मळली. भट्टीतून काळाभोर तुकडा निघाला. रंगाचं जमलं. मग छोटी ताटली केली, हाताच्या पंजाएवढी, आणि ती वाळतानाच तडकली. नेमकी काळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी, सुरीनं कापल्यासारखी. नवरा तिकडून म्हशींना पाणी दाखवत होता. त्यानं डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “चार जावा एका खोलीत कोंबल्या तुनं. भांडणारच ना त्या.” मी त्याला माती फेकून मारली. लागली नाही.

कन्हारीचा राग शांत करायचा एक उपाय आहे. तिचा थोडा भाग आधी भाजायचा, कुटून चाळायचा आणि परत तिच्यातच मिसळायचा. एकदा भाजलेली माती पुन्हा आकसत नाही, त्यामुळे सगळ्या गोळ्याचं आकसणं कमी होतं. मी तसं केलं. मोरांडीत थोडी वाळू घातली. चारही मातींच्या पट्ट्या वाळवून मोजल्या, पुन्हा मिश्रण बदललं, पुन्हा वाळवल्या. या सगळ्यात माती संपत चालली होती. जेव्हा चारही जवळजवळ सारख्या आकसायला लागल्या, तेव्हा एका ठोकळ्यापुरतीच उरली होती. त्याच्यावर एक लाडूही निघाला नसता.

तेवढ्यात दिवाळी झाली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-सुना, सोयरे एकमेकांकडे जातात. आई आसगावच्या मंडईला म्हणून आली. मंडई पाहिली, रात्रीच्या नाटकाला अर्ध्यातच झोपली आणि दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये माझ्याजवळ वालाच्या शेंगा सोलत बसायला लागली. मी ताट कोणासाठी करते ते तिला सांगितलं नव्हतं. पण मातीचे गोळे ओल्या फडक्याखाली झाकलेले होते ते तिनं उघडून पाहिलेच. काळ्या गोळ्यावर अंगठा दाबला.

“तलावाखालची.”

“हो.”

“आन ही आपल्या शेजाऱ्याच्या वावरातली.”

“नाही वो, ही आपलीच. मी सोता खोदली.”

“मले नको शिकवू. आपली एवढी पिवळी नोती.”

आमचं यावरून चांगलंच वाजलं. ती शेवटपर्यंत मानली नाही आणि मीही नाही.

ठोकळा रचायला पूर्ण दुपार गेली. चारही माती सारख्याच ओल्या हव्या, हे पहिलं. बोटाला चिकटायला नको आणि वाकवली तर कड फाटायला नको. लाटून पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टीला चरे पाडले, पातळ कालवलेली माती लावली, दुसरी वर बसवली, लाकडी थापीनं ठोकली. मोरांडीच्या बांध्या मोठ्या, कन्हारीच्या त्याखाली, एका कोपऱ्यात बरडीचा लाल उतार आणि सगळ्यांच्या मधून पांढऱ्या मातीची दोऱ्याएवढी रेष. धुरे सरळ नसतात, म्हणून मी ठोकळा एका बाजूनं थोडा दाबला. मग तार दोन्ही हातांत धरून पहिला काप काढला आणि फळीवर आडवा ठेवला.

आईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. जवळ आली. मग बोट धरलं, कापाच्या अगदी वर, न टेकवता.

“ही खालची बांधी.”

तिचं बोट पुढे सरकलं.

“हा धुरा. इथी वाकडा होता थोडा. इथी जांभूळ होतं.”

“जांभूळ नाही करता आलं मले.”

“जांभूळ मले दिसून राहिलं,” ती म्हणाली, आणि पुन्हा शेंगा सोलायला बसली. मला एवढा आनंद झाला की मी उगाच बाहेर जाऊन हात धुऊन आले.

काप जोडून ताट साच्यावर बसवलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. रोज सकाळी गुंडाळी किंचित सैल करायची, संध्याकाळी पुन्हा घट्ट. आई विचारायची, “वाळलं का?” मी म्हणायची, “नाही.” ती म्हणायची, “उनात ठेव ना मंग.” मी म्हणायची, “हात नको लावू.” कोणासाठी आहे हे तिला एव्हाना कळलं असावं, कारण एकदा म्हणाली की ताटाची कड थोडी उंच हवी होती, वरण सांडते.

एका सकाळी मी प्लास्टिक उघडलं आणि काळ्या पट्टीच्या कडेला केसाएवढी रेष दिसली. दुपारपर्यंत ती कडेपासून मधल्या बांधीपर्यंत आली. मग दुसरी. पातळ माती भरून पाहिली, ओलं फडकं ठेवून पाहिलं. संध्याकाळी लाल कोपरा हातात आला. मोजून, चाळून, भाजून, कुटून केलेलं सगळं काम असं माझ्या हातात तुकडे होऊन आलं. मला रडू आलं आणि रागही आला. राग मॅडम बरोबर होत्या याचा, आणि आईनं त्या कापावर दाखवलेल्या जांभळाचा. ते तिनं पाहिलंच नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

माझा राग वाईट आहे. मी सगळे तुकडे, उरलेला ठोकळा, फळीवरच्या कातरणासकट बादलीत टाकले, वरून पाणी ओतलं आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. कच्ची माती पाण्यात विरघळते आणि पुन्हा कामाला येते, पण नेरिकोमीत एकदा रंग मिसळले की संपलं. काळी, पिवळी, लाल, पांढरी पुन्हा वेगळी करायची कोणाची ताकद नाही. बादलीत मळकट तपकिरी गाळ झाला. नवरा दारापर्यंत आला आणि माझं तोंड पाहून तसाच मागे वळला.

सकाळी मी उठून शेडमध्ये गेले तर आई बादलीजवळ उकिडवी बसली होती, बांगड्या मागे सारून, हात आत.

“फेकतेस का हे?” तिनं विचारलं.

“ठेवून काय करू? मिसळलं सगळं. आता काही नाही होत त्याचं.”

तिनं ओंजळीत गाळ घेतला आणि बोटांमधून खाली पडू दिला. “नाल्याले पूर यायचा तवा पाण्याचा रंग अस्साच रायचा,” ती म्हणाली. “बरडीवरून, वावरातून, सगळीकडून वाहून यायची ना. चारीच्या चारी. घरात शिरायचं पाणी, आन मंग आठ दिवस मी तेच काढत बसायची.”

“आई, ते जाऊ दे आता.”

“मले दे हे.”

“कायले?”

“दे म्हणलं ना.”

मला बोलायचा कंटाळा आला होता. नवऱ्यानं गाळ निथळून तेलाच्या रिकाम्या पिप्यात भरून दिला, आईला मोटरसायकलवर बसवलं, पिपा तिच्या मांडीवर ठेवला आणि ‘कालनीत’ सोडून आला. परत येऊन म्हणाला की सगळ्या वाटेत तिनं पिपा दोन्ही हातांनी धरला होता आणि त्याला नाही.

बरेच दिवस तिनं पिप्याचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. मी मॅडमच्या पांढऱ्या मातीकडे परत गेले, कप करत होते. मग एका दुपारी फोन आला.

“तडकली वो,” आई म्हणाली.

“काय तडकली?”

पलीकडे मागे कोणाची तरी कोंबडी ओरडत होती.

“चूल,” ती म्हणाली.

मी हातातला कप फळीवर ठेवला. “उनात ठेवली होती का?”

“मंग सावलीत वाळते का चूल?”

“कन्हार आहे तिच्यात. सावलीतच वाळते. हात नको लावू, मी उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. मागच्या अंगणात, पत्र्याखाली, तिनं खरंच चूल मांडली होती. दोन्ही बाजूंचे हात नीट गोल, मागची भिंत थोडी बाहेर कललेली, पुढे राख ओढायला जागा. आमच्या घरच्या चुलीसारखीच, फक्त लहान, एका माणसाची. आणि मागून पुढपर्यंत दुभंगलेली. आई तिच्याकडे बघत नव्हती. “म्हातारीले नाही जमलं, बस,” म्हणाली. तिला वाटत होतं की चूलच तिला नको म्हणते आहे. तिनं तसं म्हटलं नाही, पण मला कळत होतं, कारण माझ्या ताटाबद्दल मलाही अगदी तसंच वाटलं होतं.

मी पदर खोचला. चूल मोडली. या वेळी आई उभी राहून पाहत होती आणि तिनं दोनदा “हळू” म्हटलं. ढेकळं कुटून भिजवली. शेजारणीकडून धानाचा कोंडा आणला, वाळू चाळली. आईला वाळू पसंत नव्हती. तिच्या मते चुलीत वाळू घालणं म्हणजे फसवणूक. मी म्हटलं, “तू मांड, पण मळीन मी.” दोघींनी पायांनी तुडवून मळली. मग ती बसली आणि मी तिच्या हाताशी गोळे देत गेले. हात कसे फिरवायचे, कोन कुठे ठेवायचा, ते सगळं तिचं. मी फक्त प्रत्येक नवीन थराआधी खालच्या थरावर चरे पाडत होते आणि पातळ माती लावत होते. “हे कायले?” तिनं विचारलं. “धरून राहते,” मी म्हटलं. पुढच्या थराला तिनंच काडीनं चरे पाडले.

चूल झाल्यावर मी तिच्यावर ओलं पोतं टाकलं, वरून प्लास्टिक. शेजारीण कुंपणावरून बघत होती. “चुलीले रजई पांघरली काय वो?” म्हणून खूप हसली. आई रागावेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “थंडी हाये ना.”

मग रोज फोन सुरू झाले. आज पोतं सुकलं. आज कडा पांढऱ्या पडल्या, मी पुन्हा झाकलं. आज मांजर बसलं होतं वर, हाकललं. आज ऊन तिरपं येऊन राहिलं, मी खाट उभी करून आडोसा केला. जिनं त्या घरात खिडकीला पडदासुद्धा लावला नव्हता, ती चुलीवर ऊन कोणत्या वेळी कुठून येतं ते मला सांगत होती. मी नुसतं हं हं करत होते. मला भीती वाटत होती की मी जास्त आनंदानं बोलले तर ती थांबेल.

पेटवायच्या दिवशी मला बोलावलं. नवीन तांदूळ होता. आईनं चुलीला हळदीकुंकू लावलं, गोवरीचा तुकडा आणि काड्या रचल्या, काडी ओढली. धूर आधी आमच्या डोळ्यांत गेला, मग सरळ वर. तिनं गंज ठेवला. पाण्याला आधण यायच्या आतच मी ऐकलं. मातीचा तो बारीक आवाज मी झोपेतही ओळखते. चुलीच्या डाव्या बाजूला एक रेष आली होती, केसाएवढी, वरून खाली.

मी आईकडे पाहिलं. तीही त्या रेषेकडे पाहत होती. भात शिजला. तिनं गंज उतरवला, जाळ मागे ओढला आणि पिप्यात हात घातला. पिपा रिकामा होता. आम्ही शेवटचा गोळासुद्धा चुलीला लावला होता. तिनं तळ नखानं खरवडून पाहिला आणि पिपा खाली ठेवला. चार ठिकाणची ती माती आता एवढीच, समोर, तडा गेलेली. मला म्हणायचं होतं, राहू दे, मी काहीतरी करते. काय करणार होते, ते मला ठाऊक नव्हतं.

आई उठली. भिंतीला लावलेली खुरपी घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यात गेली, नळाचं पाणी वाहून जातं तिथे. बसून उकरायला लागली. वरचे खडे बाजूला केले, खालची मऊ घेतली, तळहातावर चोळून गोटे निवडले. वाटीत कालवली. फिकट पिवळी, मुरमाची. परत येऊन तिनं ओला हात त्या भेगेवरून फिरवला, मग सगळ्या चुलीवरून, आतून, बाहेरून, पूर्वी रोज फिरवायची तसा.

“आई, ही तर इथली होय,” मी म्हटलं.

“मंग?” तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. “चूल इथी हाये. रोजच्याले माती कोठून आणू?”

तपकिरी चुलीवर तिच्या बोटांचे फिकट पट्टे उमटले. उद्या तिथेच पुन्हा रेष येईल, हे मला माहीत होतं, आणि उद्या ती पुन्हा हात फिरवेल. तिनं वाटी धुतली, फळीवरून दोन ताटं काढली आणि पुसली. मला वाढलं. मग दुसरं ताट समोर घेतलं, चुलीजवळ मांडी घालून बसली आणि स्वतःला वाढून घेतलं.